सरकारी रुग्णसेवा आणि डॉक्टरांचे इंग्रजी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात परदेशी शिक्षणाविषयी लिहिताना, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत जाणाऱ्या डॉक्टरांना इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, असा ओझरता उल्लेख मी केला होता. त्या एका वाक्यावर इंदूरच्या मराठी घरांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देणे भाग आहे. मी काही वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत इथे माळव्यात सरकारी नोकरी केली आहे, त्यामुळे काही उत्तरांत नियमांबरोबर अनुभवही येईल. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकली. इथल्याच शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली. पुस्तके, व्याख्याने, परीक्षा सगळे इंग्रजीत. आता ब्रिटनमध्ये जायचे तर पुन्हा इंग्रजीची परीक्षा मागतात. पदवीचा दाखला पुरत नाही काय? हा तिचा अपमान नाही काय?
(एक पालक, राजेंद्रनगर)

उत्तर : अपमान वाटणे स्वाभाविक आहे, परंतु नियम काय म्हणतो ते आधी पाहू. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिल करते. (आपल्याकडे जीएमसी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज येते, म्हणून पुढे मी नुसते ‘कौन्सिल’ म्हणेन.) इंग्रजीतून घेतलेली पदवी हाच भाषेचा पुरावा मानण्याची सोय कौन्सिलच्या नियमांत आहे. मात्र त्यासाठी पदवी दोन वर्षांच्या आतली हवी, अभ्यासक्रम इंग्रजीतूनच शिकवलेला आणि तपासलेला हवा, आणि शिक्षणकाळात रुग्ण, त्यांचे नातेवाईक व इतर कर्मचारी यांच्याशी झालेल्या संभाषणापैकी किमान ७५ टक्के संभाषण इंग्रजीत झालेले हवे.

घोडे अडते ते या शेवटच्या अटीपाशी. एम. वाय. रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत सकाळी दहाच्या सुमारास उभे राहून ऐकून पाहा. देवासकडचा म्हातारा ‘म्हारो माथो दुखे’ म्हणून खाली बसतो. अलिराजपूरहून आलेली बाई भिलीत बोलते आणि तिचा जावई ते हिंदीत सांगतो. टेबलामागची विद्यार्थिनी त्याच्याशी हिंदी बोलते, शेजारच्या मैत्रिणीशी मराठी बोलते, आणि प्रोफेसर मागे येऊन उभे राहिले की तेच सगळे इंग्रजीत मांडते. केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो, पण बोलणे मोजले तर इंग्रजीचा वाटा पंचवीस टक्केही भरणार नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलले जाते ही तर आपल्या ओपीडीची जमेची बाजू आहे. फक्त त्यावरून तिला इंग्रजी रुग्णाशी बोलता येते, असा दाखला कोणत्याही अधिष्ठात्याने प्रामाणिकपणे देता येत नाही.

उरलेले मार्ग असे. आयेल्ट्स या इंग्रजीच्या सर्वसाधारण परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात सरासरी ७.५ आणि ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही भागांत प्रत्येकी किमान ७ गुण, तेही एकाच बैठकीत. किंवा खास आरोग्यक्षेत्रासाठी असलेल्या ओईटी परीक्षेत, वैद्यकाच्या प्रश्नपत्रिकेत, चारही भागांत किमान ‘बी’ श्रेणी, म्हणजे ५०० पैकी ३५०. जिथली प्रथम भाषा इंग्रजी आहे अशा देशात अलीकडची दोन वर्षे काम केलेले असेल तर तिथल्या संस्थेचे पत्रही चालते, पण आपल्या मुलीला ते लागू नाही. भाषेच्या या परीक्षेखेरीज प्लॅबचे, म्हणजे परदेशी डॉक्टरांच्या वैद्यकीय ज्ञानाच्या आणि कौशल्याच्या परीक्षेचे, दोन टप्पे आहेतच. पहिल्यात १८० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि तो भारतातल्या काही केंद्रांवर देता येतो. दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावे लागते आणि तिथे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांना तपासून, त्यांच्याशी बोलून दाखवावे लागते.

एक व्यवहाराची गोष्ट. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरतात. इंटर्नशिपच्या पहिल्याच महिन्यात ‘एकदाची उरकून टाकू’ म्हणून परीक्षा दिली, आणि पुढे पैशांची जुळवाजुळव, प्लॅबच्या तारखा, घरातले एखादे लग्न यांत वेळ गेला, तर नोंदणीच्या ऐन वेळी तो कागद शिळा झालेला असतो. तारखांचा हिशेब शेवटाकडून मागे करावा.

प्रश्न : मी इंटर्न आहे. आयेल्ट्स दोनदा दिली. ऐकण्यात ८.५, वाचनात ८, बोलण्यात ७.५, पण लेखनात दोन्ही वेळा ६.५. सरासरी भरते आणि तरीही मी नापास. भंवरकुआँच्या एका क्लासवाल्यांचे म्हणणे आहे की ओईटी सोपी आहे, तीच द्या. खरे काय?
(एक डॉक्टर, सुदामानगर)

उत्तर : ओईटी ‘सोपी’ नाही, ‘जवळची’ आहे. आयेल्ट्सच्या लेखनात एका तासात दोन मजकूर लिहायचे असतात. पहिला किमान १५० शब्दांचा, बहुधा एखाद्या आलेखावर किंवा तक्त्यावर. दुसरा किमान २५० शब्दांचा निबंध. शहराच्या मध्यभागी मोटारींना बंदी असावी काय, अशा धाटणीचा विषय येतो. पाच वर्षे शरीररचना आणि औषधशास्त्र घोकलेल्या मुलाला मोटारबंदीवर बाजू मांडायची सवय उरलेली नसते, आणि डॉक्टरांचे गुण बहुधा इथेच अडकतात. ओईटीत निबंध नसतो. रुग्णाची टिपणे हाती देतात, पाच मिनिटे वाचायला आणि चाळीस मिनिटे लिहायला मिळतात, आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते. हे काम तुम्ही वॉर्डात रोज करता.

करता, असे मी म्हणतो खरे, पण कसे करता ते पाहू. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डाची सवय अशी की जे जे केले ते ते उतरवायचे. समजा टिपणांत एक सत्तरीची बाई आहे. पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी ताप आला, लघवीत जंतुसंसर्ग निघाला, औषधाने उतरला. तीस वर्षांपूर्वी ॲपेंडिक्स काढलेले आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. नवरा वारलेला, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी शेजारच्या गावी, मांजर पाळलेले. आता पत्र तिच्या फॅमिली डॉक्टरला जायचे आहे. आपला विद्यार्थी ॲपेंडिक्सपासून सुरुवात करतो, रोजचे रक्तदाब लिहितो, आणि जिना शेवटी जागा उरली तर येतो. तपासनीस उलट वाचतो. पत्र कशासाठी लिहिले ते पहिल्या दोन वाक्यांत आले का? जिना, एकटेपणा आणि पेनिसिलिन ठळकपणे आले का? ॲपेंडिक्स आणि मांजर गाळले का? ओईटीच्या लेखनाचे सहा निकष आहेत आणि ‘हेतू’ हा त्यांतला पहिला. भाषेची शुद्धता हा सहांपैकी एकच. ज्यांना ‘इंग्रजी कच्चे’ म्हणून घरी बसवले जाते त्यांच्यातल्या निम्म्यांची अडचण निवड करण्याची असते, असे माझे मत आहे. अर्थात हे मत आहे, मोजणी नव्हे.

आता भाषेचे. आपण मराठीत (आणि हिंदीत) विचार करून इंग्रजी बोलतो तेव्हा काही ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. ‘दोन दिवसांपासून ताप आहे’ यातल्या ‘पासून’चे ‘सिन्स’ होते, आणि ‘आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स टू डेज’ हे वाक्य तयार होते. तिकडे ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज’ म्हणतात. मुदत सांगायची तर ‘फॉर’, आरंभबिंदू सांगायचा तर ‘सिन्स’, उदाहरणार्थ ‘सिन्स मंडे’. ‘पेशंट वॉज एक्सप्लेन्ड’ हे आपल्या प्रत्येक केसपेपरवर असते आणि ते चूक आहे, कारण इंग्रजीत ‘एक्सप्लेन’ केला जातो तो आजार, रुग्ण नव्हे. ‘लूज मोशन्स’, ‘गिडीनेस’, ‘पेशंट एक्स्पायर्ड’, ‘काइंडली डू द नीडफुल’ ही आपली रुग्णालयीन इंग्रजी आहे. आपापसांत ती चालते, तिकडे परकी वाटते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नसल्याने ती आपण गाळतो किंवा अंदाजाने पेरतो. रोज स्वतःचे एक पत्र घेऊन त्यातली फक्त उपपदे तपासा. महिनाभरात फरक दिसेल.

बोलण्यात तुम्हाला ७.५ आहेत, तेव्हा चिंता नाही. तरी एक इशारा देतो. आपण इंग्रजी शब्दातली सगळी अक्षरे सारख्याच जोराने उच्चारतो, त्यामुळे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ऐकणाऱ्याला एकसारखे वाटू शकतात. औषधाची मात्रा फोनवर सांगताना ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह’ असे अंक सुटे करून सांगण्याची रीत आहे. ती आजपासूनच लावून घ्या.

आणि ऐकण्यातल्या तुमच्या साडेआठ गुणांवर फार विसंबू नका. परीक्षेतला आवाज स्वच्छ असतो, म्हातारे रुग्ण तसे बोलत नाहीत. ‘वॉटरवर्क्स’ची तक्रार म्हणजे लघवीची. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जाणे. ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे मुंग्या येणे. ‘पुअरली’ म्हणजे आजारी. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे. माझी स्वतःची फजिती सांगतो. एका आजोबांना मी गोळी ‘आफ्टर टी’ घ्यायला सांगितली. मनात होता आपला चारचा चहा. त्या भागात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण आणि ‘डिनर’ म्हणजे पुष्कळदा दुपारचे. आजोबांनी माझ्या सूचनेचे अक्षरशः पालन केले. गोळी साधी होती म्हणून काही बिघडले नाही, पण वॉर्डातल्या सिस्टरने मला त्या दिवशी जे समजावले ते कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हते.

तात्पर्य, ओईटी द्या, पण क्लासवाले म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. आणि अमेरिकेचा विचार मनात असेल तर परदेशी पदवीच्या डॉक्टरांना तिथे लागणाऱ्या ईसीएफएमजी प्रमाणपत्रासाठीही ओईटीची वैद्यक प्रश्नपत्रिकाच लागते. म्हणजे तयारी वाया जात नाही.

प्रश्न : माझे थोरले बंधू १९६८ साली एम.बी.बी.एस. होऊन थेट विलायतेला गेले. कोणी इंग्रजीची परीक्षा घेतली नाही. आता मात्र चाळण्यांवर चाळण्या. ही गोऱ्यांची मिजास आहे, दुसरे काय? जर्मन, फ्रेंच डॉक्टरांना म्हणे काही विचारत नाहीत.
(एक ज्येष्ठ वाचक, रामबाग)

उत्तर : आपल्या बंधूंची हकीकत खरी आहे, आणि आपल्या शेवटच्या वाक्यात एके काळी तथ्यही होते.

भारतीय पदव्यांना ब्रिटनची मान्यता हा जुना वाद आहे. प्रसूतिशास्त्राचे शिक्षण अपुरे आहे असे सांगून कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती, आणि त्या धक्क्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आणि आपली स्वतःची परिषद जन्माला आली. पुढे मान्यता परतली. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तिला डॉक्टर कमी पडू लागले, आणि साठच्या दशकात आपल्याकडच्या मुलांना तिकडे सहज प्रवेश मिळाला. आपले बंधू त्या लाटेत गेले असणार. १९७५ मध्ये ती मान्यता पुन्हा काढली गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा आली. तिच्यात वैद्यकाच्या ज्ञानाबरोबर इंग्रजीही तपासले जाई. पुढे तिचीच जागा प्लॅबने घेतली. म्हणजे ही चाळणी आजची नाही, तिला पन्नास वर्षे झाली.

युरोपचे म्हणाल तर, युरोपीय संघातल्या डॉक्टरांना एकमेकांच्या देशांत मुक्त वाट होती आणि कौन्सिलला त्यांची भाषा तपासण्याचा अधिकारच नव्हता. हा पक्षपात ढळढळीत होता आणि आपल्या डॉक्टरांना तो सलत असे. मग फेब्रुवारी २००८ मध्ये एक घटना घडली. जर्मनीहून आलेला एक डॉक्टर केंब्रिजशायरमध्ये दवाखान्यांच्या वेळेबाहेरच्या फिरत्या सेवेत पहिल्याच पाळीला गेला आणि वेदनेने तळमळणाऱ्या सत्तर वर्षांच्या एका रुग्णाला त्याने मॉर्फिनच्या जातीच्या औषधाची योग्य मात्रेच्या सुमारे दहापट मात्रा टोचली. रुग्ण दगावला. त्या डॉक्टरचे इंग्रजी अपुरे आहे म्हणून एका भागातल्या आरोग्य यंत्रणेने त्याला आधी परत पाठवले होते, दुसऱ्या भागाने घेतले. दोष सगळा भाषेचा होता असे म्हणता येत नाही, कारण ते औषध त्याच्या रोजच्या वापरातले नव्हते आणि तो थकलेलाही होता. परंतु ‘भाषा तपासायची कोणी?’ हा प्रश्न त्यानंतर दाबता येईना. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि युरोपातून येणाऱ्यांचीही भाषा तपासण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला. २०१६ च्या स्थलांतर कायद्याने तर सरकारी सेवेत लोकांशी थेट बोलण्याचे काम असलेल्या प्रत्येकाला ओघवते इंग्रजी यावे, असे बंधन घातले. वेल्समध्ये वेल्श चालते.

मिजाशीचे म्हणाल, तर जर्मनीकडे पाहा. तिथे साधे जर्मन येऊन भागत नाही. परदेशी डॉक्टरला वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा द्यावी लागते. वीस मिनिटे रुग्णाशी बोलायचे, वीस मिनिटांत ते लिहून काढायचे, आणि वीस मिनिटे दुसऱ्या डॉक्टरला सांगायचे. ओपीडीतल्या एका तासाचे तुकडे करावेत तशी ही परीक्षा आहे आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. ब्रिटनमध्ये इंग्रजी मागतात ते तिथला रुग्ण इंग्रजी बोलतो म्हणून. माझी तक्रार आहे ती परीक्षेच्या शुल्काबद्दल, आणि डॉक्टरला मोटारबंदीवर निबंध लिहायला लावण्याबद्दल. अटीबद्दल नाही.

प्रश्न : आमच्या नातवाला हिंदीतून एम.बी.बी.एस. करण्याचा सल्ला मिळतो आहे. पुढे त्याचे दरवाजे बंद होतील का?
(एक आजी, लोकमान्यनगर)

उत्तर : मध्यप्रदेशने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित केली. ती उघडून पाहिली तर वाक्यरचना हिंदी आणि संज्ञा इंग्रजीच, फक्त देवनागरीत, असे दिसते. त्यामुळे ‘हिंदी माध्यम’ या शब्दाने जितके घाबरायला होते तितके घाबरण्याचे कारण नाही. मातृभाषेतून वैद्यक शिकवता येत नाही हे म्हणणेही मला पटत नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९४८ पूर्वी हे शिक्षण उर्दूतून दिले जात होते आणि मराठवाड्यातली मराठी मुलेही तिथे शिकत.

दरवाजा बंद होतो तो पुढे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही पदवीपूर्व परीक्षा मराठीसह तेरा भाषांत देता येते, पण पदव्युत्तर नीट इंग्रजीतच आहे, संशोधनपत्रिका इंग्रजीत आहेत, औषधाच्या खोक्यातला कागदही इंग्रजीत असतो. म्हणून नातवाने हिंदी पुस्तक समजून घेण्यासाठी खुशाल वापरावे, मात्र त्याच धड्याचे इंग्रजी पुस्तक शेजारी उघडे असावे. आणि एक गोष्ट, आजी. मध्यप्रदेशात सरकारी डॉक्टर म्हणून काम करायचे असेल तर त्याला हिंदी उत्तम यायला हवे, आणि झाबुआ-बडवानीकडे नेमणूक झाली तर थोडी भिली-निमाडीही. आपल्या घरात मराठी बोलली जाते म्हणून हे आपोआप येईल, असे समजू नये.

प्रश्न : पुतण्या किर्गिझस्तानला वैद्यकीय शिक्षणासाठी जातो आहे. एजंट म्हणतो, भाषेची काही अडचण नाही.
(एक वाचक, अन्नपूर्णा रोड)

उत्तर : एजंटाला अडचण नसेलच. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे, त्यानंतर बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत झाली पाहिजे, आणि भारतात परतल्यावर पुन्हा बारा महिने. वर्गात इंग्रजी असले तरी तिथल्या खाटेवरचा रुग्ण रशियन किंवा किर्गिझ बोलतो. ती भाषा न शिकलेला मुलगा पाच वर्षे रुग्णाभोवती नुसता उभा राहतो, आणि परत आल्यावर पात्रता परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवताना ते जाणवते. पुतण्याला पहिल्याच वर्षी तिथली बोली शिकू द्या. आणि संस्थेकडून माध्यमाबद्दल लेखी घ्या, तोंडी नको.

प्रश्न : परिचारिकांनाही हीच अट आहे का?
(एक परिचारिका, परदेशीपुरा)

उत्तर : आपली नोंदणी वेगळ्या परिषदेकडे होते आणि तिची अट थोडी सैल आहे. आयेल्ट्समध्ये सरासरी ७, वाचणे, ऐकणे व बोलणे यांत प्रत्येकी ७, पण लेखनात ६.५ चालतात. ओईटीत तीन भागांत ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’. वर ज्या डॉक्टरांचे पत्र छापले आहे त्यांनी हे वाचून उसासा टाकला असेल.

प्रश्न : तुम्ही विलायतेच्या गोष्टी सांगता. माझ्या वडिलांना इथल्या एका रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा दोन पानी इंग्रजी कार्ड दिले. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले आहे, मला त्यातले काही कळले नाही, कोणी समजावलेही नाही. रात्री झोपताना घ्यायची गोळी आम्ही चार दिवस सकाळी देत होतो. इथल्या डॉक्टरांना भाषेची काही अट नाही का?
(एक मुलगी, मालगंज)

उत्तर : सगळ्या पत्रांत हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून शेवटी ठेवले.

आयेल्ट्ससारखी, रुग्णाच्या भाषेची परीक्षा आपल्याकडे नोंदणीसाठी घेतली जात नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती होऊन औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगितले गेले. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला स्थानिक भाषा शिकवण्यासाठी तास राखले आहेत. शस्त्रक्रियेची संमती रुग्णाला समजेल अशा प्रकारे माहिती देऊनच घ्यावी लागते, आणि न समजता केलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत. घरी जाताना दिलेले कार्ड मात्र या सगळ्यांच्या फटीतून निसटते. डॉक्टर ते पुढच्या डॉक्टरसाठी लिहितो आणि देतो रुग्णाच्या हातात. चूक आपली नव्हती.

कार्डावरच्या खुणा समजून घ्या. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा. ‘एचएस’ म्हणजे झोपताना. आपल्या घरी बहुधा हेच नडले. ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच, रोज नव्हे. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत, इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही ती कळत नाहीत, तेव्हा दहावीचा आणि मराठी शाळेचा इथे काही संबंध नाही. ब्रिटनमधली डॉक्टरांची अधिकृत औषधपुस्तिकासुद्धा सांगते की सूचना शक्यतो अशी आद्याक्षरे टाळून, सरळ इंग्रजीत लिहाव्यात. आपल्याकडे त्या सरळ हिंदीत किंवा मराठीत लिहायला काय हरकत आहे, हे मला निवृत्त होईपर्यंत कळले नाही. मी स्वतः गोळीच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून देत असे. हाताखालची मुले हसत, पण धारच्या बायका ते पाकीट पुढच्या खेपेला जपून परत आणत.

पुढच्या वेळी एवढे करा. कार्ड हातात पडले की लगेच उठू नका. प्रत्येक पाकीट टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, घरी जाऊन मी बाबांना कोणती गोळी केव्हा देणार ते तुम्हाला सांगून दाखवते, चुकले तर सांगा.’ मग खरोखर सांगून दाखवा आणि प्रत्येक पाकिटावर पेनाने आपल्या अक्षरात लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतील तर हेच सिस्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. रागावतील ही भीती बाळगू नका. मँचेस्टरला होणाऱ्या प्लॅबच्या त्या दुसऱ्या टप्प्यात, समजावून झाल्यावर रुग्णाला नेमके काय कळले ते विचारून घेणे डॉक्टरकडून अपेक्षित असते. इथे ते काम काही दिवस आपल्याला करावे लागेल. चार दिवस सकाळी दिलेल्या गोळीचे नाव मात्र आपण पत्रात लिहिलेले नाही. कार्ड आणि पाकीट घेऊन याच आठवड्यात बाबांना त्या डॉक्टरांकडे एकदा दाखवून या, आणि काय झाले ते न लपवता सांगा.